आठ कोर आणि बांधकामाची वीज

आम्ही घेतलेला प्रोसेसर तापतो, हे दुकानदाराने विकण्याआधीच सांगितलं होतं. पुढे सगळी बिल्डिंग आमच्या मशीनकडे बोट दाखवायला लागली, तेव्हा मला त्याचं ते बोलणं आठवायचं आणि वाटायचं, लोक म्हणतात त्यात तथ्य असेल.

तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ वाघोलीत राहत होतो. मी खराडीच्या एका आयटी कंपनीत सपोर्टला होते, तो वाघोलीतल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. आम्ही मूळचे यवतमाळकडचे. बाबा तिकडे सरकारी कचेरीत. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, आधी "जयभीम", मग "जेवले का?" आणि मग "नोकरी कशी आहे?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी रोज "बरी आहे" असंच द्यायचे.

ती बरी नव्हती. आमच्या ऑफिसातली सर्व्हर रूम रिकामी होत चालली होती. मी लागले तेव्हा त्या खोलीच्या काचेला हात लावला तरी आतली घरघर तळव्याला जाणवायची. मग एकेक सर्व्हर बंद व्हायला लागला. त्याच्यावरचं काम कुठल्या तरी मोठ्या मशीनच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणून जायचं आणि रॅकमधली त्याची जागा काळी राहायची. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. असे दहा-पंधरा एकात मावतात. प्रत्येकाला वाटतं आपण वेगळे, पण प्रोसेसर सगळ्यांचा मिळून तोच. ज्यांना हे काम येत होतं त्यांची नोकरी टिकत होती. बाकीच्यांना एचआरकडून बोलावणं यायचं. बोलावलेला माणूस परत येऊन डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्चीही जागेवर नसायची.

मला ते काम शिकायचं होतं. त्याची एक परीक्षा असते. ती द्यायची तर घरी सराव हवा, आणि सरावासाठी चार-पाच व्हर्च्युअल मशीनं एका वेळी पेलेल असा कॉम्प्युटर हवा.

भावाला कॉम्प्युटर हवा होता गेमसाठी. हे मी तेव्हा हसण्यावारी नेत नव्हते, त्याला कारण होतं. पुण्यात आल्यापासून तो घुमा झाला होता. वर्गात पहिल्यांदा उभा राहून "सर, हे काहून असं होते?" असं विचारलं तेव्हा मागची बाकं हसली. त्यानंतर त्याने वर्गात प्रश्न विचारला नाही. पण मित्राच्या खोलीवर हेडफोन लावून टीमबरोबर खेळायला बसला की तोच मुलगा भराभर हुकूम सोडायचा: "तू डावीकडून जाय, तू इथंच थांब, हलू नको!" समोरची मुलं कुठली कुठली, पण ऐकायची. तिथे त्याच्या बोलण्याला कोणी हसत नसे.

मशीन एकच घेणं परवडणार होतं. मग सुरू झाला आमचा प्रोसेसरचा घोळ, कुठल्यात कोर किती, म्हणजे एका वेळी काम करणारे हात किती. रविवारच्या दुपारी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आम्ही दोघं मान मोडेपर्यंत लोकांची मतं वाचत बसायचो.

"गेमले कोर जास्त असून उपयोग नाही," तो म्हणायचा. "दोन-चारच वापरते तो. पण जे वापरते ते फास्ट पायजेत."

"आणि मला जास्तच लागतात. प्रत्येक मशीनला थोडे थोडे वाटून द्यायचे असतात."

एक प्रोसेसर होता चार कोरचा, अतिशय चपळ. त्याचा वेग आपल्याला वाढवताही यायचा. भावाचा जीव त्याच्यावर जडला. पण खोलात वाचल्यावर कळलं की त्यात एक सोय कंपनीने काढून टाकली आहे. खरं हार्डवेअर थेट व्हर्च्युअल मशीनच्या हातात देण्याची ती सोय मला हवी होती. त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रोसेसरमध्ये ती होती, पण त्याचा वेग बांधलेला. एकाच कारखान्यातून निघालेले दोन भाऊ, एकाला जे दिलं ते दुसऱ्याचं काढून घेतलेलं. भाऊ चिडून म्हणाला, "मुद्दाम करतात हे. दोन्ही पायजे असंल तं दोन घ्या, असं."

तिसरा दुसऱ्या कंपनीचा. आठ कोर, वेग मोकळा, व्हर्च्युअल मशीनच्या सगळ्या सोयी आत. त्याचा एकेक कोर पहिल्याइतका चपळ नव्हता, आणि लोक लिहायचे की हा वीज फार खातो आणि तापतो फार. आम्ही ते वाचलं आणि पुढे गेलो. दोघांचं काम भागवणारा तोच होता.

शनिवार पेठेत एका अरुंद बोळात कॉम्प्युटरचं दुकान होतं, ऑफिसातल्या एकाने सुचवलेलं. दुकानदार पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मी आमची गरज सांगितली. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं.

"म्हणजे मशीन एक आणि धनी दोन," ते म्हणाले. "भांडायला खोली वेगळी आहे ना घरात?"

भाऊ हसला. आठ कोरवाल्याचं नाव घेतल्यावर मात्र त्यांनी चष्मा खाली घेतला. "देतो. पण आधी सांगतो, हा तापतो. नंतर मला येऊन सांगायचं नाही की तापतो म्हणून. आणि खातोही भरपूर. पॉवर सप्लाय चांगला घ्या, यूपीएस घ्या. राहता कुठे?"

"वाघोली."

"मग यूपीएस मोठा घ्या," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

आमची बिल्डिंग नगर रस्त्यापासून आत, जिथे डांबर संपून खडी लागायची तिथे होती. राहते मजले रंगवून झालेले, वरचे दोन अजून नुसते सांगाडे. गच्चीच्या जागी उभ्या गंजक्या सळया आणि त्यांच्यातून दिसणारं आभाळ. बिल्डर म्हणायचा, पूर्ण झाल्याचा दाखला येतोच आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्याने. लिफ्ट होती, जाळीच्या सरकत्या दरवाजाची, आणि ती चालू झाली की जिन्याच्या भिंतीत कुणी तरी जड पेटी ओढल्यासारखा आवाज व्हायचा.

पहिले काही आठवडे छान गेले. चार कोर माझे, चार त्याचे, अशी वाटणी. मी ऑफिसातून आले की लॅपटॉपवरून माझी मशीनं चालू करायची, त्याच वेळी त्याच कॉम्प्युटरवर त्याचा गेम चालायचा. टेबलाखाली हात घातला तर भाकरीच्या तव्याजवळ बसल्यासारखं वाटायचं. थंडीचे दिवस होते, बरंच वाटलं.

मग यूपीएस वाजायला लागला. मोठा आवाज नाही, नुसता एक "टक". वीज कमी पडली की तो बॅटरीवर जातो, तेव्हाचा. आधी दिवसातून एखाद्या वेळी. त्या क्षणी पंखा किंचित मंदावायचा, ट्यूबलाइट थरथरायची आणि पुन्हा सगळं जागेवर. आम्ही मान वर करून बघायचो आणि परत खाली घालायचो. थोड्या दिवसांनी तो जेवताना वाजायला लागला, भांडी घासताना वाजायला लागला. आणि एका संध्याकाळी "टक" झालं, पण बॅटरी दमलेली होती. मशीन धाडकन बंद पडलं. माझी चारही व्हर्च्युअल मशीनं मेली. त्यातलं एक पुन्हा उभंच राहिलं नाही, महिनाभराचा सराव त्याच्याबरोबर गेला. भावाच्या टीमचा सामना अर्ध्यात सुटला.

"तुझ्यामुळे घेतला हा," तो ओरडला. "चार कोरवाला घेतला असता तं!"

"मला काय माहीत तो असा निघेल?"

"सगळे लिहून राहिले होते! तापते म्हणून!"

आम्ही त्या आठवड्यात एकमेकांशी कामापुरतंच बोललो. त्याने प्रोसेसरचा वेग कमी केला, नंतर अर्धे कोर बंद करून पाहिले. मी खिडकीशी टेबल सरकवलं. मशीन तरीही पडायचं. शेवटी शनिवारी ते रिक्षात मांडीवर घेऊन आम्ही पेठेत गेलो.

दुकानदारांनी ते चालू केलं, पूर्ण वेगावर, आठही कोर, माझी मशीनं आणि त्याचा गेम एकदम. आणि स्वतः जेवायला गेले. आम्ही समोरच्या बाकावर बसून राहिलो. मी मशीन पडण्याची वाट बघत होते, मनातून ते पडावं असंही वाटत होतं, म्हणजे बदलून मिळेल. दुपार सरली. मशीन हूं की चूं न करता चालत राहिलं.

"माझ्याकडे चालतंय," दुकानदार म्हणाले. "तुमच्याकडे चालत नाही. आता यावरून काय समजायचं ते आपणच ठरवा."

परतीच्या रिक्षात मशीन भावाच्या मांडीवर होतं. वाघोलीचा चौक आला तसा तो म्हणाला, "ताई, म्हणजे प्रोसेसर चांगला आहे."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मशीन बिघडलेलं असतं तर दुरुस्त झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने एक गोष्ट लक्षात आणून दिली. यूपीएस वाजतो त्याच्या किंचित आधी भिंतीतून लिफ्टचा आवाज येतो. "तू जाय लिफ्टनं खाली," तो म्हणाला, "मी इथं बघतो." मी लिफ्टमध्ये शिरले, जाळी ओढली, बटण दाबलं. वरून त्याची हाक आली, "गेला बॅटरीवर!" तळाला पोचून परत वर आले, तशी पुन्हा हाक, "गेला!" आम्ही हे पुन्हा पुन्हा केलं. सुरुवातीला दोघंही हसत होतो. मग मला हसू येईना. त्या पेटीतला छोटा दिवा दर वेळी निघताना पिवळा पडून विझत्या निखाऱ्यासारखा व्हायचा आणि मग सावकाश जिवंत व्हायचा. त्या अर्ध्या अंधारात जाळीच्या पलीकडून भिंत सरकत जाताना दिसायची.

तळमजल्यावर जिन्याखाली मीटर रूम होती, पत्र्याचं दार, कुलूप. भावाने दारावर पंजा ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"गरम आहे."

मी वास घेतला. खारवलेले मासे कुठे तरी कोंडून ठेवल्यासारखा उग्र वास होता. मी भावाकडे पाहिलं. "जळालेल्या वायरचा असा येते," तो म्हणाला, "लॅबमध्ये एकदा आला होता."

बिल्डरचा सुपरवायझर फाटकाजवळच्या कंटेनर ऑफिसात बसायचा, मागच्या भिंतीवर बिल्डिंगचं रंगीत चित्र, त्यात नसलेली झाडं. आम्ही सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मध्येच विचारलं, "तुम्ही मशीन कुठलं वापरता, मॅडम?"

भावाने सांगितलं. आठ कोर, ग्राफिक्स कार्ड, सगळं. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. तेच नडलं.

"हां, म्हणजे कारखाना आणलाय तुम्ही घरात," सुपरवायझर म्हणाला. "आणि वीज कमी पडते म्हणून आम्हाला विचारता?"

"अहो, आमचं मशीन मिक्सरइतकंही खात नाही," मी म्हणाले. "लिफ्टच्या वेळी होतं ते. आणि मीटर रूमचं दार तापलंय. उघडून बघा ना."

"इलेक्ट्रिशियन आला की बघतो."

इलेक्ट्रिशियन आला नाही. आली ती नोटीस. लिफ्टशेजारी चिकटवलेली: काही रहिवासी परवानगीविना मोठी यंत्रे वापरत असल्याने सर्वांना विजेचा त्रास होत आहे. नाव नव्हतं, पण त्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. त्या आणि काका निवृत्त होऊन साताऱ्याकडून आले होते, मुलगा परदेशात. एरवी मला लोणचं देणाऱ्या.

"अगं, आमचा फ्रिज बंद पडला," त्या म्हणाल्या. "त्या मुलाच्या खेळापायी सगळ्यांना का त्रास? तू मोठी आहेस, तू सांग त्याला."

"काकू, आमच्यामुळे नाही होत ते."

"मग कोणामुळे होतं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही जिन्यात दिसलो की बोलणी थांबायची. पाण्याचा टँकर आला की आमची बादली मागे सरकवली जायची. मलाही कधी कधी वाटायचं, असेल बाई, आपलाच प्रोसेसर. आठ कोर, लोकांनी सांगूनही आणला. शेवटी आम्ही मशीन बंद केलं. नुसतं बंद नाही, प्लग काढून ठेवला. परीक्षा जवळ आली होती, तरी. ट्यूबलाइट तशीच थरथरत राहिली. लिफ्ट निघाली की पंखा दमायचा. प्लग काढलेल्या मशीनकडे बघत आम्ही दोघं बसायचो. मीटर रूमचा वास आता पहिल्या मजल्यापर्यंत यायला लागला होता.

मी ऑफिसातून सुट्टी घेऊन वीज कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने बिल्डिंगचा पत्ता विचारला, काही तरी पाहिलं, आणि पुन्हा पत्ता विचारला.

"तिथे लोक राहतात?" तो म्हणाला.

"हो. सगळी बिल्डिंग भरलीय."

"बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला नाही, म्हणून आमच्याकडे तिथे फक्त बांधकामाचं तात्पुरतं कनेक्शन आहे. सिमेंटचा मिक्सर, काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर, एवढ्यापुरतं."

"आणि आमचे मीटर?"

"ते बिल्डरने आतल्या आत लावलेले असतील. तुमच्या नावाचं आमच्याकडे काहीच नाही. तक्रार बिल्डरनेच करायला हवी, ग्राहक तो आहे."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. एवढी कुटुंबं, फ्रिज, गिझर, लिफ्ट, पाण्याचा पंप, सगळं त्या एका केबलवर, जी सिमेंट कालवण्यासाठी ओढली होती. मी घरी येऊन काही जणांना सांगितलं. एक-दोघांनी मान हलवली. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "बघू, मीटिंगमध्ये काढू." काकू आतून म्हणाल्या, "तुमचं मशीन तर बंद आहे ना आता? मग झालं." मीटिंग पुढच्या रविवारी ठरली.

आग शनिवारी लागली. दिवेलागणीची वेळ होती. परीक्षा तोंडावर म्हणून मी त्या दिवशी मशीन पुन्हा चालू केलं होतं, दोनच व्हर्च्युअल मशीनं, बाकी काही नाही. भाऊ शेजारी पुस्तक घेऊन बसला होता. भिंतीतून लिफ्टचा आवाज सुरू झाला. यूपीएसने "टक" केलं. मग पुन्हा टक, पुन्हा, आणि मग थांबेचना, कोणी दारावर नखांनी वाजवत असल्यासारखं. मी ट्यूबलाइटकडे पाहिलं. ती मंद व्हायला हवी होती. ती उजळत होती. पांढरी, आणखी पांढरी, डोळ्यांना सहन होईना इतकी. पंखा वेड्यासारखा फिरायला लागला.

"ताई, काढ! प्लग काढ!"

मी भिंतीतला प्लग ओढून काढला. शेजारच्या घरात काही तरी फुटल्याचा आवाज झाला, बहुतेक टीव्ही. मग सगळीकडे काळोख. यूपीएसमधून धुराची एक रेघ निघाली. भिंतीतला लिफ्टचा आवाज मध्येच तुटला होता.

दार उघडलं तर जिन्यात तोच माशांचा वास, आता घट्ट, घशात बसणारा. खालून वॉचमनचा आवाज आला, "आग हाय खाली! मीटरला आग हाय! जिन्यानं या, भिताडाला धरून या, लवकर!"

लोक मोबाइलचे दिवे लावून उतरायला लागले. धूर अजून विरळ होता, पण तो जिन्यापेक्षा लिफ्टच्या पोकळीतून वर चढत होता, हे दिव्यात दिसत होतं. आणि त्या पोकळीतून खोकल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत काकू. भाजी घेऊन वर येत होत्या. तिसऱ्या मजल्याच्या जाळीतून मी दिवा टाकला तर खाली त्यांचं डोकं दिसलं, पदर तोंडावर, एका हाताने आतली जाळी धरलेली.

"काकू! आम्ही आहोत!"

त्यांनी वर पाहिलं. जाळी हलवली.

बाहेरची जाळी लिफ्ट मजल्यावर आल्याशिवाय उघडत नाही. ती उघडायची किल्ली वॉचमनकडे असते. मी जिन्यातून ओरडले, "लिफ्टची किल्ली!" खालून उत्तर आलं, "मीटर रूममधी लटकवलीय!"

 माझे हात जाळीला चिकटून राहिले. आणि तेवढ्यात मागून भावाचा आवाज आला, असा आवाज जो मी फक्त हेडफोन लावलेला असतानाच ऐकला होता. "ताई, तू दिवा धर. हलवू नको. काका, तुम्ही खाली जाऊ नका, इथंच थांबा, त्याईच्याशी बोलत राहा. दादा, तुम्ही चला माह्यासंगं वर, सळया आहेत." शेजारच्या घरातला माणूस, जो महिनाभर आमच्याशी बोलला नव्हता, निमूट त्याच्यामागे धावला. कोणी हसलं नाही. ते वरच्या अर्धवट मजल्यावरून सळई घेऊन आले, जाळीच्या कडीत घालून दोघांनी अंग टाकलं. पहिल्यांदा सळईच वाकली. दुसऱ्यांदा कडी तुटली.

लिफ्टचं छप्पर आमच्या गुडघ्यांशी, त्याच्या आणि मजल्याच्या मध्ये हातभर फट. काकूंनी आतली जाळी सरकवली, भाऊ पालथा पडला आणि त्याने दोन्ही हात आत घातले. काकू धीर करून भाजीच्या पिशवीवर चढल्या, पाय घसरला, पुन्हा चढल्या. त्याने दंड पकडले, शेजाऱ्याने त्याचे पाय. धूर आता काळा झाला होता आणि माझ्या दिव्याचा उजेड त्यात मध्येच संपत होता. काका सारखं म्हणत होते, "ये, ये, ये," लहान मुलाला बोलवावं तसं. काकूंचं डोकं बाहेर आलं, मग खांदे अडकले, मग त्या आल्या. एक चप्पल आतच राहिली. आम्ही सगळे वरच्या उघड्या मजल्यावर गेलो, जिथे भिंतीच नव्हत्या, आणि अग्निशमनवाले येईपर्यंत तिथे वाऱ्यात बसलो.

कोणाचा जीव गेला नाही. मीटर रूम, केबल, तळमजल्याच्या छताचा रंग, एवढं जळलं, आणि घराघरांतले टीव्ही आणि फ्रिज. न्यूट्रलची वायर जळून तुटली की कमी पडणारी वीज उलट दुपटीने घरात शिरते, हे भावाने नंतर सांगितलं. खाली उतरलो तेव्हा सुपरवायझर हवालदाराशी बोलत होता. मी जवळून गेले तेव्हा ऐकलं, "चौथ्या मजल्यावर एक मोठं कॉम्प्युटर आहे, साहेब, आम्ही नोटीसपण लावली होती." काकू रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसल्या होत्या. धुराने त्यांचा आवाज गेला होता. त्यांनी माझ्या भावाचं मनगट धरलं होतं, आणि सुपरवायझर बोलत असताना त्याच्याकडे बघत त्या नुसती मान नाही, नाही अशी हलवत राहिल्या. हवालदाराचं तिकडे लक्ष नव्हतं.

चौकशी झाली असं ऐकलं, निष्कर्ष आम्हाला कोणी सांगितला नाही. आम्ही चंदननगरला दुसरी खोली घेतली. यूपीएस जळून गेला होता, त्याने सगळा झटका स्वतःवर घेतला होता. मशीनला काही झालं नव्हतं. नव्या खोलीत भावाने आठही कोर पूर्ण वेगावर टाकले आणि ते एकदाही पडलं नाही. मी परीक्षा पास झाले. ऑफिसात मला व्हर्च्युअल मशीनच्या टीममध्ये घेतलं, आणि त्याच आठवड्यात माझ्या जुन्या टीमच्या आणखी काही खुर्च्या गेल्या. भाऊ वर्गात प्रश्न विचारायला लागला, त्याच्याच भाषेत. हसणारे अजून होते, पण त्याने त्यांच्याकडे बघणं सोडलं.

काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. आवाज अजून घोगरा होता. वीज आली म्हणाल्या, आधीच्यापेक्षा जाड केबल टाकली आहे. वरचे दोन मजलेही झाले, राहायला माणसं आली, नवीन लग्न झालेली जोडपी आहेत, छान आहेत.

"कनेक्शन आपल्या नावाचं झालं का, काकू?"

"ते काय मला माहीत नाही गं. बिल्डर म्हणतो, दाखला येतोच आहे."

"लिफ्टने नका जाऊ हो."

त्या आधी खोकल्या. मग म्हणाल्या, "गुडघे कुठे ऐकतात? तीन मजले चढून जाणं होत नाही आता. दिवा थोडा मंद होतो मध्येच, तेवढ्यापुरतं डोळे मिटून घेते."